धूर नुसता छातीत जात नाही हो!

आज पुन्हा तेच. सकाळी सहाला गॅलरीचं दार उघडलं आणि प्लास्टिक जळल्याचा तो कडवट वास घरभर पसरला. गल्लीच्या टोकाला पाचोळा, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, फाटकी चप्पल, सगळं एका ढिगात लोटून काडी लावलेली. रोज! खाली जाऊन दोन बादल्या पाणी ओतलं, तर फिरायला निघालेले शेजारचे काका थांबून म्हणतात, "जाऊ द्या हो ताई, एवढ्याशा धुराने काय होतंय? आमची आई जन्मभर चुलीपुढे बसली, तिला काय झालं?"

डोकंच फिरलं माझं. माझी आजीही जन्मभर चुलीपुढेच बसली. रात्र रात्र खोकायची. शेवटची तीन वर्षं पोटच्या लेकीला "तू कोणाची गं?" म्हणून विचारायची. घरात सगळे म्हणायचे, म्हातारचळ लागलाय. तो धुरामुळेच लागला असं मी म्हणत नाही, एका माणसाबद्दल ते कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. पण बायकांचं "काय झालं" हे कुणी कधी बघितलं तरी होतं का?

धूर म्हणजे खोकला आणि दमा, एवढंच लोकांच्या मनात पक्कं बसलंय. हळद-दूध प्यायलं की संपलं! अहो, या धुरातले बारीक कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, आपला केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड. त्यातले अगदी सूक्ष्म कण फुप्फुसातून रक्तात उतरतात. वासाची नस नाकातून थेट मेंदूत जाते, त्या वाटेनेही ते आत शिरू शकतात. 2016 साली मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या मृत माणसांच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे कण सापडले. त्यातले बरेचसे गोल गुळगुळीत होते, प्रचंड उष्णतेत, जळण्यातून तयार होतात तसे. मेंदूत! पक्षाघाताच्या कारणांमध्ये दूषित हवा आहे. 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांतही तिला धरलं. टाळता येण्याजोग्या, हे लक्षात घ्या.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. बार्सिलोनात 39 शाळांतल्या 2,700 हून जास्त मुलांची वर्षभर पुन्हा पुन्हा चाचणी घेतली. जिथे गाड्यांचा धूर जास्त, तिथल्या मुलांची स्मरणशक्ती कमी वेगाने वाढली. आपण मात्र पोरांना बदाम भिजवून देतो, क्लासला हजारो रुपये भरतो आणि त्याच पोरांना या धुरातून शाळेच्या बसपर्यंत चालवत नेतो.

झाडून ढीग पेटवणाऱ्या मावशींवर माझा राग नाही. कचऱ्याची गाडी चार-चार दिवस फिरकत नाही, ढीग तसाच राहिला तर बोलणी त्यांनाच बसतात. सगळ्यात जास्त धूरही त्यांच्याच नाकात जातो, तोंडाला नुसता पदर. माझा राग गाडी न पाठवणाऱ्यांवर आहे. आणि खिडक्या लावून गप्प बसणाऱ्या आमच्या सगळ्या बिल्डिंगवर आहे. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड, असं हरित न्यायाधिकरणाने 2016 मध्येच सांगितलंय. आमच्या गल्लीत एकाला तरी झाला का? मी तीनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा उत्तर आलं, "निराकरण झाले आहे". त्या दिवशीही ढीग जळतच होता!

काकांनाही हे सगळं सांगायला गेले, तर ते "हल्ली फार वाचता तुम्ही" म्हणून पुढे निघून गेले.

लेकीची दहावी आहे. पहाटे उठून ती गॅलरीशेजारच्या टेबलावरच अभ्यासाला बसते, घरात दुसरी जागाच नाही. दार उघडं ठेवलं तर धूर, लावलं तर कोंडल्यासारखं होतं. आत्ता तिने दार लावून घेतलंय, कपाळ दाबत गणितं सोडवतेय. आणि खाली तो ढीग, दोन बादल्या ओतूनही, अजून धुमसतोय.