साचलेलं पाणी

काल माझा अख्खा तास गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका व्हाळात, म्हणजे ओढ्यात, वाहून गेला. वाहून गेला म्हणजे ओतला गेला.

मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय हे पाण्यात वाढणारे किडे. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या, स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोन. एवढ्यावर भागलं असतं तर मी पोटऱ्या भिजवून कशाला उभा राहिलो असतो? दोन शेपट्यांच्या मेफ्लायही असतात. मग एकेका पायाची नखी बघायची: एक असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय. जीवच मुळी करंगळीच्या नखाएवढा, त्याची नखी ती केवढी! पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर पाणी, कडेने प्रकाश, श्वास रोखलेला. तेवढ्यात कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, एक आजोबा उतरले. कमरेला कोयता.

"काय धरतोस रे बाब, मासळी?"

"नाही आजोबा, किड्यांचे फोटो काढतोय."

"मलेरियाचा काय तू?"

"नाही हो."

"मग डेंग्यूचा."

"कुणाचाच नाही."

"पगार?"

"नाही."

"लग्न झालंय?"

झालंय म्हटल्यावर आजोबांचा चेहरा पडला. बहुतेक तिच्या काळजीने.

मग ते ट्रेवर वाकले. "हे डासाचंच!" मी समजावलं, डासाचं पिल्लू श्वासासाठी पाण्याच्या वरच्या थराला येतं, हे दगडाला चिकटून असतं. वर हेही सांगितलं, की महिनोन्महिने पाण्यात काढून मेफ्लायला पंख फुटतात, तेव्हा तिचं तोंड निकामी होतं, खाणंपिणं बंद. (आपल्याकडे उलट. पंख फुटले की तोंड सुटतं.) आजोबा "हं, हं" करत होते. मी लेन्स पुसायला वळलो आणि त्यांनी ट्रे व्हाळात पालथा केला.

"साचलेलं पाणी ठेवू नये. दर पावसाळ्यात घरी येऊन सांगतात. तुला नाही सांगितलं कुणी?"

इतक्या वर्षांचा सरकारी प्रचार फळाला आला, तो नेमका माझ्या ट्रेत! वर धबधब्यापाशी सहलवाल्यांनी फेकलेल्या पेल्यांत डासांची खरी पिल्लं वळवळत होती, येताना बघितली होती मी. ते पेले पालथे करायला कोणी चढत नाही. चढ आहे ना. आणि खरं सांगायचं तर येताना मीही केले नव्हते.

नखी एक होती की दोन, देव जाणे. मी पुन्हा दगड उलटायला लागलो. आजोबा गेले नाहीत. काठावर बसून त्यांनी विडी पेटवली. नजर ट्रेवर.