आवाज किती, एवढेच विचारले होते

विजेवर चालणाऱ्या दातांच्या ब्रशच्या खोक्यावर कंपन्या काय काय छापतात, हे एकदा सवडीने वाचून पाहावे. मिनिटाला किती हजार कंपने, घासण्याचे किती प्रकार, एकदा चार्ज केला की किती दिवस चालणार, नळाखाली धरला तर चालेल की नाही, आणि मोबाईलला जोडला तर कोणत्या दाढेवर तुमचा हात कमी फिरला हेसुद्धा तो कसा सांगणार, हे सारे तेथे तपशीलवार असते. ज्या घरात पहाटे पाच वाजता एक माणूस दात घासतो आणि भिंतीपलीकडे दुसरा झोपलेला असतो, त्या घराला मात्र एकच प्रश्न विचारायचा असतो, की या यंत्राचा आवाज किती. आणि त्याचे उत्तर त्या खोक्याच्या सहाही बाजूंवर सापडत नाही. असतात ते फक्त ‘अत्यंत शांत’ असे दोन शब्द, तेही बहुधा चंदेरी अक्षरांत.

आमचे घर जुळे सोलापुरात, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढेच. यजमान अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतात. मध्यरात्र उलटल्यावर ते घरी येतात, जेवतात आणि दीड-दोनच्या सुमारास आडवे होतात. माझी शाळा सकाळच्या सत्रातली. बेसिन आणि त्यांची उशी यांच्यामध्ये साडेचार इंची विटांची एक भिंत आहे (बांधणाऱ्याने तिला भिंत म्हटले, म्हणून मीही म्हणते). हिरड्यांतून वारंवार रक्त येऊ लागले तेव्हा दंतवैद्यांनी विजेचा ब्रश घ्यायला सांगितले, आणि त्यांचा सल्ला योग्यच होता. कोक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा साध्या ब्रशच्या तुलनेत विजेच्या ब्रशने दातांवरचा थर पहिल्या एक ते तीन महिन्यांत ११ टक्के आणि त्यानंतर २१ टक्के कमी झाल्याचे, तसेच हिरड्यांचा दाह अनुक्रमे ६ आणि ११ टक्के कमी झाल्याचे आढळले होते. तेव्हा ब्रशच्या उपयोगाविषयी माझे काहीही म्हणणे नाही. संताप याचा आहे, की दुकानात उभे राहून त्यांतला कमी आवाजाचा कोणता हे ठरवण्याचा एकही मार्ग गिऱ्हाइकाच्या हाती ठेवलेला नाही.

त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे शहाणपण. ज्याचा निम्मा दिवस मागाच्या खडखडाटात जातो, त्याला एवढ्याशा ब्रशचा काय त्रास होणार, असे मला आजवर अनेकांनी हसत हसत ऐकवले आहे. सोलापुरात हे वाक्य फार सहज तोंडात येते, कारण येथे घरटी कोणी ना कोणी मागावर काम केलेले असते. परंतु झोप मोडते ती आवाज किती मोठा यापेक्षा तो भोवतालच्या शांततेहून किती वर उसळला यामुळे. मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो, पण तो सलग असतो आणि तेथे कोणी झोपायला गेलेले नसते. पहाटे पाच वाजता, रस्त्यावर दूधवालाही फिरकलेला नसताना, बंद दाराआडून अचानक सुरू होणारी घरघर ही संपूर्ण वेगळी गोष्ट आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे रात्रभर कूलर चालतो, तेव्हा त्याच्या आवाजात ब्रशचा आवाज बुडून जातो आणि घरात कुरबुर होत नाही. कूलर माळ्यावर गेला, की दुसऱ्याच दिवसापासून भांडण सुरू होते. ज्या माणसाने आठ तास कानांवर मार सोसलेला असतो, त्याला उरलेल्या वेळात शांतता अधिक हवी असते, कमी नव्हे, ही साधी गोष्ट मला प्रत्येकाला नव्याने समजावून सांगावी लागते.

नवी पेठेतल्या दुकानांत मिक्सर चालवून दाखवतात. पंखा फिरवून दाखवतात, चार रुपयांचा नफा सुटणारा बल्बसुद्धा होल्डरमध्ये लावून पेटवून दाखवतात आणि मगच खोक्यात घालून देतात. तोंडात घालायची वस्तू म्हणून ब्रशचे खोके मात्र सीलबंद असते. ते फोडले की वस्तू तुमची. स्वच्छतेचे कारण मला मान्य आहे, पण मग प्रत्येक प्रकारचा एकेक नमुना डोक्याशिवाय, नुसती मूठ म्हणून, काउंटरवर चालू स्थितीत ठेवायला काय हरकत आहे? नमुना असतो, त्यात बॅटरी नसते. विक्रेता तो पोकळ प्लास्टिकचा तुकडा माझ्या हातात देतो आणि म्हणतो, ‘ताई, एकदम सायलेंट आहे, मोबाईल व्हायब्रेट होतो ना, तेवढाच.’ लाकडी टेबलावर मोबाईल थरथरला की झोपलेला माणूस ताडकन उठून बसतो, हे त्याला घरी कोणी सांगितलेले नसावे. ऑनलाइन मागवावे, तर त्याच स्वच्छतेच्या नावाखाली उघडलेला ब्रश बहुतेक ठिकाणी परत घेतला जात नाही. थोडक्यात, आवाज ऐकण्यासाठी ब्रश विकत घ्यावा लागतो, आणि ऐकल्यावर तो परत करता येत नाही. याला निवड म्हणतात काय?

कधी कधी एखाद्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत ‘६५ डेसिबलपेक्षा कमी’ अशी ओळ सापडते आणि क्षणभर आनंद होतो. तो टिकत नाही. ६५ डेसिबल कोठून मोजले? खुल्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणजे तोच ब्रश १५ सेंटिमीटरवरून मोजला आणि ६० सेंटिमीटरवरून मोजला, तर आकड्यात १२ डेसिबलचा फरक पडू शकतो. १० डेसिबलची घट कानाला जवळजवळ निम्म्या आवाजासारखी वाटते, हे लक्षात घेतले तर अंतर न सांगता दिलेला आकडा किती पोकळ आहे हे कळते. शिवाय आमचे न्हाणीघर ही खुली जागा नव्हे. चारही बाजूंनी टाइल्स, खाली फरशी, मध्ये चिनी मातीचे बेसिन. तेथे आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि पुस्तिकेतला हिशेब कोलमडतो. मोजताना ब्रश हवेत मोकळा चालत होता की दातांवर टेकलेला होता, सौम्य गतीवर होता की सर्वांत जोरदार गतीवर, नवा होता की सहा महिने वापरलेला, यांपैकी काहीही सांगायचे नाही आणि ‘पेक्षा कमी’ म्हणून मोकळे व्हायचे. ४० डेसिबलही ६५ पेक्षा कमीच असतात आणि ६४ डेसिबलही.

आता प्रकारांविषयी. बाजारात ढोबळमानाने दोन जाती आहेत. एकीत लहान गोल डोके मिनिटाला काही हजार वेळा अर्धवट मागे-पुढे फिरते. एका प्रसिद्ध मालिकेत हा आकडा ८,८०० असतो. या जातीच्या जुन्या घडणीच्या ब्रशांत मोटरीची गती दंतचक्रांमार्फत डोक्यापर्यंत जाते, आणि त्या चक्रांचा करकरीत, खरखरीत आवाज येतो. नव्या, महागड्या ब्रशांत चुंबकीय यंत्रणा आल्यापासून तो बराच मऊ झाला आहे, हे मान्य करावे लागेल. दुसरी जात सॉनिक. हिच्यात लांबट डोके थरथरते आणि ‘मिनिटाला ३१,००० स्ट्रोक’ असा आकडा खोक्यावर मिरवला जातो. त्या आकड्याने छाती दडपून जाणाऱ्यांसाठी हिशेब मांडते. एका येण्याजाण्यात दोन स्ट्रोक होतात. म्हणजे मिनिटाला साडेपंधरा हजार फेऱ्या, सेकंदाला सुमारे २६०. पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी एक साधारण याच कंपनसंख्येची असते. तेव्हा सॉनिक ब्रश हा पहाटे पाचला लागणारा पांढरी एकचा षड्ज आहे, आणि तो दोन मिनिटे सोडत नाही. असे असताना, एवढ्या वेगाचा आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, असे मला एका विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले. कानाला ऐकू येत नाहीत ती सेकंदाला २०,००० च्या वरची कंपने, मिनिटाला ३१,००० नव्हेत. पाचवीच्या मुलांना मी एकके लिहिल्याशिवाय गणिताचे गुण देत नाही. येथे एकक गिळून हजारो रुपयांचा माल खपवला जातो.

आणि भिंतीचे म्हणाल तर उंच स्वरापेक्षा खालचा स्वर ती अधिक सहज ओलांडतो. त्यामुळे हातात धरल्यावर जो ब्रश गुणगुणल्यासारखा गोड वाटतो, त्याची ती गुणगुण पलीकडच्या खोलीत पोहोचते, आणि जो हातात खरखरतो त्याची खरखर दार लावल्यावर पुष्कळशी अडते. म्हणजे वापरणाऱ्याला शांत वाटणारा ब्रश आणि झोपणाऱ्याला शांत वाटणारा ब्रश हे एकच असतील असे नाही. हा मुद्दा मला एकाही जाहिरातीत किंवा एकाही विक्रेत्याच्या तोंडी आढळला नाही.

लोकांचे अभिप्राय वाचावेत, तर तेथे याहून मोठा गोंधळ. दात घासणारा माणूस ब्रशचा आवाज केवळ हवेतून ऐकत नाही. दातांतून, जबड्याच्या हाडातून ती कंपने थेट आतल्या कानापर्यंत जातात. त्यामुळे ‘फार आवाज करतो’ असे लिहिणाऱ्याचा ब्रश शेजारच्या खोलीत जेमतेम पोहोचत असेल, आणि ‘अजिबात आवाज नाही’ असे लिहिणारा बहुधा एकटा राहत असेल किंवा त्याच्या घरचे सोशिक असतील. दाराआड झोपलेल्या माणसाचा अभिप्राय कोणीही घेत नाही, आणि या बाबतीत मत देण्याचा अधिकार त्याचाच आहे. चित्रफिती पाहाव्यात, तर मोबाईल ध्वनिमुद्रण करताना लहान आवाज आपोआप वाढवतो आणि मोठा आपोआप दाबतो. परिणामी मवाळ ब्रश आणि कर्कश ब्रश दोघेही चित्रफितीत सारखेच गुरगुरतात. अशा चित्रफितीखाली शेकडो लोक ‘किती शांत आहे’ म्हणून आनंद व्यक्त करतात, तेव्हा कपाळावर हात मारून घेण्यावाचून काय उरते?

घेतल्यावरचे भोग वेगळेच. डोके मुठीवर किंचित सैल बसले की किणकिण सुरू होते. दर तीस सेकंदांनी जबड्याची बाजू बदला म्हणून तो जो झटका देतो, त्याने सलग आवाजाला सरावू लागलेला कान पुन्हा जागा होतो. सौम्य गती आहे, पण बटण एकच असल्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचायला सर्वांत जोरदार गतीतून जावे लागते.

निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल असावी, असे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात. ती मर्यादा परिसरातल्या सरासरी आवाजाची आहे, ब्रशला ती लागू नाही, हे मला ठाऊक आहे. मिरवणुकांच्या दिवसांत आमच्या शहरात ती कोणाला लागू असते हाही प्रश्नच आहे. पण मोजण्याची रीत अस्तित्वात आहे, हे तर त्यावरून दिसते. कारखान्यात ९० डेसिबलमध्ये आठ तासांहून अधिक काळ कामगाराला ठेवू नये असा दंडक आहे, म्हणजे तेथे आवाजाबरोबर वेळेचाही हिशेब मांडला जातो. युरोपीय संघात धुलाई यंत्राच्या ऊर्जापट्टीवर त्याचा आवाज डेसिबलमध्ये छापावा लागतो. आपल्याकडे पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर कमाल किंमत, निर्मितीचा महिना आणि तक्रारीसाठी संपर्क देणे बंधनकारक आहे, आणि तो प्रत्येक खोक्यावर निमूटपणे दिलेलाही असतो. त्याच ओळीखाली आवाज इतके डेसिबल, इतक्या अंतरावरून, या गतीवर, दातांवर टेकलेला असताना, एवढे छापायला किती शाई लागणार आहे? कंपन्यांना हे आकडे ठाऊक नाहीत यावर माझा विश्वास नाही. ज्यांना कोणत्या दाढेवर माझा हात कमी फिरला हे कळते, त्यांना स्वतःच्या मोटरीचा आवाज कळत नाही काय?

अखेर जो घेतला, त्याचा आवाज पहिल्याच पहाटे पलीकडच्या खोलीत पोहोचला, आणि मी खोक्यावरच्या त्या बंधनकारक संपर्काचा उपयोग करून पाहिला. आवाजाची चित्रफीत पाठवा, असे उत्तर आले. मोबाईलवरच्या चित्रफितीवरून आवाज मोजता येत नाही, हे मी लेखी कळवले आणि तरीही चित्रफीत पाठवली. उत्पादनाचा आवाज सामान्य मर्यादेत आहे, असे त्यांनी कळवले. ती मर्यादा किती डेसिबलची आणि कोणत्या अंतरावरची, असे मी विचारले. त्याला उत्तर म्हणून माझी तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाल्याचा संदेश आला, आणि त्याखाली पाच तारे देऊन सेवेचे मूल्यमापन करण्याची विनंती होती.