काकेरू करू तितकं थोडं

जपानी शिकायला लागलं की लोक कांजीची, म्हणजे जपानी लिपीतल्या चिनी चित्राक्षरांची, भीती घालतात. पुण्यात गल्लोगल्ली जपानीचे क्लास, त्यामुळे भीती घालणारेही गल्लोगल्ली भेटतात. पण कांजी निदान तोंडावर अवघड असते. माझा घात केला 'काकेरू' नावाच्या गरीब चेहऱ्याच्या क्रियापदाने.

आधी भेटलं ते 'मेगाने ओ काकेरू' म्हणून. चष्मा लावणे. म्हटलं, झालं! पुढे फोनही काकेरू निघाला. मग कुलूप, गजर, ब्रेक, इस्त्री, अंगावरचं पांघरूण, तोफूवर ओतायचा सोयासॉस. 'ओकाके कुदासाई' म्हणजे बसा. दोन गुणिले तीनसुद्धा 'नी काकेरू सान'. (पाढा म्हणताना मात्र 'नी सान गा रोकु', थेट आपलं बे त्रिक सहा.) शिवाय लिहिता येणे तेही काकेरू आणि कपाचा टवका उडणे तेही काकेरू. त्यांची कांजी वेगळी असते हो, पण ऐकताना कांजी दिसते कुठे?

सेन्सेईंना, म्हणजे आमच्या शिक्षकांना विचारलं, या सगळ्यात समान काय? "एकावर दुसरं अडकवायचं, टाकायचं, टेकवायचं. बाकी पाठ करा."

तरी मराठी मदतीला धावली. आपणही चष्मा लावतो, फोन लावतो, कुलूप, गजर, गाणी लावतो आणि आईच्या जिवाला घोर लावतो. जपानी पोरंही आईला 'शिंपाई ओ काकेरू'च करतात. मी खूश. पण दिवा लावायला गेले तर तिथे 'त्सुकेरू'! टीव्ही, एसी त्सुकेरू, गाणी मात्र काकेरू. मलम लावायचं तर 'नुरु', रोप लावायचं तर 'उएरू'. 'वाट लावणे'बद्दल विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

सगळ्यात जपून वापरायचा तो 'मेइवाकु ओ काकेरू', म्हणजे दुसऱ्याला त्रास देणे. तिकडे गाडीला जरा उशीर झाला की स्टेशनवर 'गोमेइवाकु ओ ओकाके शिते' म्हणून माफी मागतात. त्यात त्रासाला आदराचा 'गो' आणि देण्याला आदराचा 'ओ'. इतक्या अदबीने कुणी छळलं तर माणूस उलट आभार मानेल.

पुढच्या रविवारी 'तोरु' आहे. मीठ घेऊन देणे, रजा घेणे, फोटो काढणे, टिपणं काढणे आणि म्हातारं होणे, सगळं त्यात बसतं म्हणे. शेवटचं मला न शिकवताही जमतंय.