विसार देण्यापूर्वी वाळवीची तपासणी झालीच पाहिजे

सांगलीत जुने घर विकत घेणारा माणूस कागदपत्रांच्या बाबतीत कमालीचा दक्ष असतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीहक्काच्या नोंदींचा तपास अहवाल, घेतो, प्रॉपर्टी कार्डावरील नोंदी पाहतो, घरावर कोणाचा बोजा नाही ना, याची खात्री करतो. मात्र ज्या तुळयांवर आणि कडीपाटावर त्या घराचा भार आहे, त्यांना वाळवी लागली आहे का, हे जाणकाराकडून तपासून घेणारे फार थोडे. ही तपासणी विसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वी व्हावी आणि तिचा लेखी अहवाल साठेखताला, म्हणजे विक्रीच्या प्राथमिक कराराला, जोडावा, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे याची निकड अधिक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाण्यात राहिलेल्या मातीच्या जाड भिंती आतून लवकर वाळत नाहीत, आणि जमिनीतून चढणाऱ्या वाळवीला नेमकी ओलच लागते. उघड्या हवेत ती टिकत नाही, म्हणून भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या बांधून त्यांच्या आडून लाकडापर्यंत पोहोचते. विक्रीपूर्वी घराला रंग दिला, की या नळ्या खरवडल्या जातात आणि पोखरलेली चौकट लांबीच्या (पुट्टीच्या) थराखाली झाकली जाते. मग दिवाणखान्यात उभे राहून घर पाहणाऱ्याला काय दिसणार?

जाणकार माणूस चौकटीचा जमिनीलगतचा भाग ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहतो, स्क्रू ड्रायव्हरचे टोक लाकडात रुतते का ते तपासतो, मोरीला लागून असलेली भिंत, भिंतीतली कपाटे, माळा आणि विजेच्या बोर्डांमागची जागा पाहतो. खिडकीपाशी गळून पडलेले पंख दिसले, तर पावसाच्या सुरुवातीला उडणारी वाळवी जवळपास आहे, असे समजावे. लाकडाला बारीक गोल भोके आणि खाली पिठासारखा भुसा असेल, तर तो बहुधा भुंग्याचा उपद्रव असतो आणि त्याचा उपाय वेगळा. फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे म्हणून निश्चिंत राहणेही योग्य नाही, कारण पाइपांच्या डक्टमधून वाळवी वर चढते.

कायदा काय सांगतो, हेही लक्षात घ्यावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला, आणि साधारण काळजी घेऊनही खरेदीदाराच्या लक्षात येणार नाही असा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, मात्र करारात याविरुद्ध काही ठरलेले नसावे. म्हणजे काळजी न घेणाऱ्या खरेदीदाराची बाजू लंगडी पडते, आणि ‘आहे त्या स्थितीत’ अशा शब्दांवर सही करणाऱ्याची तर अधिकच.

विकणाऱ्यांनीही या तपासणीला अविश्वास समजू नये. स्वतः आधी तपासणी करून घेतली, तर आयत्या वेळी भाव पाडण्याला जागा उरत नाही. पूर्वी औषधफवारणी झाली असेल, तर तिची पावती आणि हमीपत्र द्यावे. तयार इमारतींतील वाळवी प्रतिबंधासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे, त्यानुसार काम झाले का, हे विचारण्याचा खरेदीदाराला अधिकार असावा. साठेखताचा मसुदा करणाऱ्या वकिलांना माझी विनंती आहे, की अहवालात वाळवी आढळल्यास दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा आणि व्यवहार मोडल्यास विसाराची रक्कम किती दिवसांत परत करायची, ही दोन कलमे त्यांनी मसुद्यात आपणहून घालावीत.