चिठ्ठी आधी निघेल त्याचं मैदान

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सरत आला की तोच वाद निघतो. चषक फार झाले, शाहू स्टेडियमवर तेच १६ वरिष्ठ संघ पुन्हा पुन्हा भिडतात, दोन मोठ्या तालमींची, म्हणजे पेठांतल्या क्लबांची, गाठ पडली की खेळापेक्षा हुल्लडबाजीचीच चर्चा. मग मागणी होते, स्पर्धा कमी करा. इंग्लंडात एफए कप, म्हणजे लहानमोठ्या क्लबांना खुली असलेली बाद पद्धतीची स्पर्धा, जवळून बघणाऱ्याला वाटतं, आधी बघावं ते दार कुणाला उघडं आहे.

१८७१-७२ च्या पहिल्या एफए कपला १५ संघांनी नावं दिली होती. आता सातशेच्या वर क्लब उतरतात. ऑगस्टपासून छोट्या क्लबांच्या सहा फेऱ्या होतात, त्यातून ३२ उरतात. मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत लीग वन आणि लीग टू या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे ४८ येऊन मिळतात. दोन फेऱ्यांनी २० राहतात आणि जानेवारीत प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप या वरच्या दोन श्रेणींचे ४४ धरून ६४ होतात. चिठ्ठ्या काढताना मानांकन बघत नाहीत. चिठ्ठी म्हणजे क्रमांकाचा चेंडू; ज्याचा आधी निघेल त्याच्या मैदानावर सामना. मुख्य फेऱ्यांत तिकिटांच्या पैशातून खर्च वजा जाता दोघांना ४५-४५ टक्के, उरलेले १० सामायिक निधीत. गावातल्या क्लबाचं वर्ष यावर निघतं.

१९७२ मध्ये छोट्या हेरफर्डनं बड्या न्यूकॅसलला त्यांच्या मैदानावर २-२ असं रोखलं आणि बरोबरीनंतरच्या फेरसामन्यात घरी २-१ हरवलं. २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांतले फेरसामने बंद झाले. हे चुकलंच. मोठ्यांचं वेळापत्रक सुटसुटीत झालं, धाकट्यांची दुसऱ्या सामन्याची तिकीट-कमाई गेली.

कोल्हापूर शहराबाहेर, जिल्ह्यातल्या गडहिंग्लजलाही फुटबॉलची स्वतःची परंपरा आहे. मग जिल्ह्याचा एकच खुला चषक का नसावा? तालुक्यांतून आणि खालच्या गटांतून १६ संघ निवडून यावेत, त्यात शहरातले १६ मिळवावेत: ३२ संघ, पाच फेऱ्या, ३१ सामने. उपांत्य सामने आणि अंतिम शाहूवर, बाकी सगळे चिठ्ठी सांगेल तिथे. अडचण मैदानांची येईल. कुंपण नाही, तर तिकीट नाही आणि गर्दी थेट रेषेवर. म्हणून चिठ्ठ्या काढण्याआधीच मैदानं तपासावीत. नापास मैदानाच्या संघाला जवळचं दुसरं मैदान द्यावं, पण यजमानाचा वाटा त्याचाच ठेवावा. दोन्ही बाजूंच्या समर्थकांना वेगळी दारं हवीत, आणि ती सामन्याच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी ठरलेली.