आयोडीनची बाटली आणि आमचे साडू

जळगावच्या एका शाळेत मी ३१ वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. म्हणजे प्रयोग सर करायचे, पोरं ‘वाऽऽ’ करायची आणि परीक्षानळ्या मी घासायचो. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ मिळालं. शिवाय निर्लेखित केलेल्या सामानातून एक स्पिरिटचा दिवा, एक नालाकृती चुंबक आणि आयोडीनची अर्धी बाटली मी मागून घेतली. शाल बायकोने पेटीत ठेवली. बाकीचं सामान तिने तेव्हाच भंगारात दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

घडलं ते आमच्या साडूंमुळे. पाचोऱ्याचे अण्णा म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे यजमान. जिनिंगमध्ये हिशेबनीस होते, एका पैशाचा फरक सापडेपर्यंत रात्र रात्र जागायचे. तोच माणूस आता पहाटे पाचला उठतो आणि मोबाइलवर येईल ते खरं मानून पुढे ढकलतो. आधी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ, त्यापाठोपाठ जगबुडी.

माझा स्वतःचा इतिहासही काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे आधीच कबूल करतो. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा मीही वाटी-चमचा घेऊन रांगेत होतो. चमच्यातलं दूध कमी झालं आणि माझे डोळे भरून आले. त्याच भरल्या डोळ्यांनी शाळेत आलो. चहाचं दूध उरलं होतं, समोर मानवी सांगाडा उभा होता. काय वाटलं कोण जाणे, चमचा त्याच्या दातांना लावला. सांगाडा दूध प्यायला! मग पेपरवेट प्यायला. मग धीर चेपला, तसा व्हरांड्यातला संस्थापकांचा अर्धपुतळाही प्यायला. विज्ञानाच्या सरांनी पृष्ठताण समजावून सांगितला. काठोकाठ भरलेल्या चमच्यातलं दूध दगडाला टेकलं की ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतं. पांढऱ्यावर पांढरं, म्हणून दिसत नाही. दिल्लीच्या सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ लोकांना दाखवला होता. आमच्याकडे रंगाची गरज पडली नाही. संस्थापक काळ्या दगडाचे होते. मुख्याध्यापकांनी हनुवटीवरचा ओघळ पाहिला आणि मला मेमो दिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रयोग.

तर अण्णा. एके दिवशी त्यांचा फोन आला. “रेशनना तांदूय प्लॅस्टिकना शे, साडूभाऊ. पानीमा टाकीसन देखा.”

मी पातेल्यात टाकून पाहिला. आणि काय सांगावं, चार-सहा दाणे खरोखर तरंगले! बाकीच्या तांदळापेक्षा जरा पिवळट, जरा जास्तच एकसारखे. माझी ३१ वर्षांची सेवा त्या पातेल्यात हेलकावे खाऊ लागली.

दुकानदाराकडून खुलासा झाला. १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून जाहीर झालेला हा पोषणयुक्त तांदूळ. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून, यंत्रातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. म्हणजे दाणे खरोखर बनावट, पण तांदळाचेच! आता हे अण्णांना कसं सांगायचं? ‘तुम्ही म्हणता तसे कारखान्यात केलेले दाणे आहेत, पण...’ यातल्या ‘पण’पर्यंत अण्णा कधीच थांबत नाहीत.

म्हणून आयोडीन काढलं. स्टार्चवर आयोडीन पडलं की निळं-काळं होतं, प्लॅस्टिकवर पडलं की नुसतं पिवळट ओघळतं. तरंगणारे दाणे वेगळे काढून थेंब टाकला. काळेशार! पण प्रयोग म्हटला की तुलनेला खरं प्लॅस्टिक हवं. घरात होतं, डाळीच्या डब्याचं झाकण. त्याचे तांदळाएवढे तुकडे केले. एकीकडे तांदूळ, एकीकडे झाकण, दोन्ही स्पिरिटच्या दिव्यावर धरले. तांदूळ जळून कोळसा झाला आणि करपलेल्या भाकरीचा वास सुटला. झाकण वितळून टपटप गळलं, ते थेट ओट्यावर. तो डाग अजून आहे. बायको तो पाहुण्यांना दाखवते.

अण्णांचं समाधान झालं नाही. “भातना गोया करीसन आपटा. उसळस!” आपटला. उसळला. शिजल्यावर स्टार्च चिकट होतो, मुठीत दाबला की हवा निघून जाते आणि लवचीक गोळा होतो. इंद्रायणीचा गोळा तर असा उसळला की फ्रिजखाली गेला आणि आठ दिवसांनी मुंग्यांनी त्याचा पत्ता सांगितला.

शेवटी भाच्याला विचारलं. तो इथेच एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. जळगावची प्लॅस्टिकची चटई सगळीकडे जाते, त्यामुळे प्लॅस्टिकचा दाणा काय भावाने येतो हे त्याला तोंडपाठ. तो हसायलाच लागला. “मामा, तांदळाच्या भावात दाणा मिळत असेल तर पत्ता द्या. शेठ मला भागीदार करतील.” आयोडीन, दिवा, झाकण या सगळ्यांहून भारी पुरावा फुकटात मिळाला होता, आणि मी तो सगळ्यात शेवटी मागितला. अण्णांना हाच तेवढा पटला. हिशेबनीस शेवटी.

पण दुसऱ्याच महिन्यात सोमालियाची केळी आली. मजकूर असा की, सोमालियातून ५०० टन केळी बाजारात आली असून तिच्यात हेलिकोबॅक्टर नावाची अळी आहे, खाल्ल्यावर बारा तासांत माणूस खलास. आता बघा, आम्ही जळगाव जिल्ह्यात राहतो. सावदा-रावेरहून केळीचे ट्रक देशभर जातात. आमच्याकडे सोमालियाची केळी विकायला येणं म्हणजे तापीकाठी बिसलेरी विकण्यासारखं. पण मी आपला दोन डझन केळी उभी चिरून बसलो. अळी नाही. असणारच नाही, कारण हेलिकोबॅक्टर हा जिवाणू आहे, साध्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याचा खरा प्रयोग बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने १९८४ मध्ये केला होता. पोटातल्या अल्सरमागे हा जिवाणू आहे हे कोणी मानेना, म्हणून पठ्ठ्याने जिवाणूंचं पाणीच पिऊन टाकलं आणि स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मला तीन दिवस शिकरण मिळालं.

चुंबकाचं प्रकरण मात्र घरात शिरलं. जून २०२१. नाशिकच्या एका गृहस्थांना लशीचा दुसरा डोस घेतल्यावर अंगाला चमचे चिकटू लागल्याची बातमी आली आणि पुढच्याच रविवारी अण्णा शर्ट काढून आमच्या दिवाणखान्यात बसले होते. छातीवर दोन चमचे, कपाळावर एक रुपया, दंडावर पाचचं पिवळं नाणं. चेहऱ्यावर भीती कमी, अभिमान जास्त.

मी कपाटातला चुंबक आणला. आधी पाचच्या नाण्याला लावला. चिकटला नाही. ते पितळी नाणं चुंबकाला दाद देतच नाही. म्हणजे जे खऱ्या चुंबकाला चिकटत नव्हतं, ते अण्णांना चिकटत होतं! मग चुंबक अण्णांच्या दंडाला लावला, तो घसरून मांडीवर पडला. मग सहा वर्षांच्या नातवाच्या कपाळाला नाणं लावलं. त्याला लस नाही, तरी चिकटलं. जळगावच्या जूनमध्ये माणसाला काय चिकटणार नाही? घाम, त्वचेचं तेल आणि दाबून बसवलेलं गुळगुळीत नाणं, एवढंच. शेवटी बायकोचा पावडरचा डबा आणून अण्णांच्या छातीवर भरपूर शिंपडला. चमचे खळ्ळकन खाली.

इथे थांबायला हवं होतं. पण चुंबक ओट्यावर राहिला आणि बायकोने सहज भांड्यांना लावून पाहिला. माहेरचं तांब्या-फुलपात्र, चिकटलं नाही. माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेला कुकर, चिकटला नाही. वास्तुशांतीला अक्कांनी आणि अण्णांनी दिलेला ५१ भांड्यांचा स्टीलचा सेट... खट्!

चिकटलं म्हणजे हलकं स्टील, ही नुसती बाजारातली समजूत. चांगल्या स्टीलचेही काही प्रकार चुंबकाला चिकटतात. हे मी सांगू लागलो, तेव्हा बायको एक एक ताटली उचलून लावत होती. खट्, खट्, खट्. अण्णा पावडरीत माखलेले, शर्ट शोधत होते. दोन्ही बहिणी कानबाईच्या रोटांपर्यंत, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणापर्यंत, एकमेकींशी बोलल्या नाहीत. लशीत चुंबक नव्हता, पण आमच्या घरात त्याने काम चोख केलं.

आणि मग पृथ्वी सपाट झाली.

हे अण्णांना कुठल्याशा व्हिडिओने शिकवलं होतं. मी मनात म्हटलं, हा तर आपल्याच गावचा विषय! चाळीसगावजवळ पाटणादेवीला अण्णा दर नवरात्रात जातात. त्याच पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. आणि त्या आजोबांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी लिहून ठेवलंय की पृथ्वी गोल आहे. पण अण्णांना शिलालेख चालत नाही. तो फॉरवर्ड होत नाही.

म्हणून इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाचा प्रयोग करायचं ठरवलं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये त्याने पाहिलं की एका गावी भर दुपारी सावली पडत नाही, तेव्हा दूरच्या अलेक्झांड्रियात पडते. तो कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला, त्यावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. जळगावात २५ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली. पुण्यात त्याच दुपारी थोडी सावली असते. पुण्यात आमची मुलगी आहे. झालं!

२०२४ चा २५ मे, शनिवार. गच्चीवर मीटरभर पीव्हीसी पाइप उभा केला. जळगावात पाइपला तोटा नाही. गवंड्याचा ओळंबा लावून सरळ केला. चपलेचे तळ पाघळत होते. बारा पंचवीसला सावली पाइपच्या बुडाशी गुडूप झाली. अण्णाही आले होते, डोक्यावर उपरणं घेऊन. त्यांच्या तोंडून “अरे बापरे” निघालं, ते सावलीसाठी की उन्हासाठी ते कळलं नाही. थोड्या वेळाने पुण्याला फोन लावला. मुलगी म्हणाली, “पप्पा, पाच सेंटिमीटर. म्हणजे पाचच्या आसपास. पट्टी सापडली नाही, मोबाइलने मोजलं.”

पाच सेंटिमीटर म्हणजे पावणेतीन अंशांच्या जरा वर. वर्तुळात असे सुमारे १२५ तुकडे. जळगाव-पुणे रस्त्याने ४०० किलोमीटर धरलं तर परीघ निघाला ५० हजार. अण्णा म्हणाले, पुस्तकात ४० हजार आहे. (सपाट मानणाऱ्या माणसाला हा आकडा पाठ असावा, याची गंमत वाटली.) मग चूक लक्षात आली, एसटीच्या वळणांचं अंतर चालत नाही, सरळ उत्तर-दक्षिण अंतर हवं. ते २७५. परीघ आला ३४ हजार ३७५. सावली खरी सव्वाचार-साडेचार सेंटिमीटर असणार. आमच्या कन्येला पट्टी सापडली नाही, म्हणून पृथ्वी साडेपाच हजार किलोमीटरने आटली.

“पन माले सांगा,” अण्णा शांतपणे म्हणाले, “पृथ्वी सपाट ऱ्हायनी आनि सूर्यच जवय ऱ्हायना, तरी सावली अशीच पडी ना?”

मी हसलो. मग गप्प झालो. मग रात्री कागद घेऊन बसलो. सपाट जमीन आणि सहा-साडेसहा हजार किलोमीटर उंचीवर सूर्य धरला तर पुण्याची सावली अगदी तंतोतंत जुळते. म्हटलं, तिसरं गाव घेऊ, कोल्हापूर. गोल पृथ्वीवर तिथली सावली किती आणि सपाट पृथ्वीवर किती, दोन्ही काढल्या. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही! आणि आमच्या घराण्याची मोजण्यातली चूक सेंटिमीटरभर. अख्खा महाराष्ट्र पाइप घेऊन उभा केला तरी अण्णा हरत नाहीत.

मग भास्कराचार्यांचं म्हणणं पुन्हा नीट वाचलं. ते म्हणतात, वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. पृथ्वी अफाट, तिच्यावरचा माणूस चिमुकला, म्हणून त्याला सगळी सपाट वाटते. ४० हजारांचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर. जळगाव-पुणे २७५. साडेआठशे वर्षांपूर्वी त्यांनी माझा प्रयोग फसणार हे लिहून ठेवलं होतं आणि मी गच्चीवर तळपाय भाजून घेतले.

पुढची संधी ७ सप्टेंबर २०२५ ला आली. अनंत चतुर्दशी आटोपून अण्णा आणि अक्का आमच्याकडेच राहिले होते आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. दहाच्या सुमारास चंद्राला पहिला चावा बसला. ढगांतून मधूनमधून दिसत होतं. चंद्रावरच्या सावलीची कड स्वच्छ, वाटोळी. “बघा अण्णा, ही आपल्या पृथ्वीची सावली. गोल!”

अण्णांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं. “गोल तर भाकर बी ऱ्हास, साडूभाऊ. पन ती सपाटच ना?”

याला मात्र उत्तर होतं. भाकरी दिव्यासमोर धरली तरच सावली गोल, आडवी धरली की नुसती रेघ. ग्रहण रात्री कुठल्याही वेळी लागो, चंद्र कुठेही असो, सावली नेहमी वाटोळीच पडते. असं फक्त चेंडूला जमतं. पण तोंडाने सांगून काय उपयोग? मी भाकरी आणायला खाली धावलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. डब्यात तुळशीचं पान. “ग्रहण सुटेपर्यंत डब्याला हात लावायचा नाही.” मी पृष्ठताणापासून नोबेलपर्यंत सगळं सांगून पाहिलं. तिने ओट्यावरच्या डागाकडे नुसतं बोट केलं.

रात्री दीडच्या सुमारास ग्रहण सुटलं. बायकोने अंघोळ केली, मग डबा उघडला. मी कळण्याची भाकरी घेऊन गच्चीवर गेलो. अण्णा जागे होते. बॅटरी लावून भाकरी समोर धरली, पाण्याच्या टाकीवर गोल सावली. आडवी केली, बारीक रेघ.

“देखा!” मी म्हणालो.

अण्णांनी देखलं. भाकरी माझ्या हातातून काढून घेतली, मोडली आणि विचारलं, “ठेचा शे का?”