‘ऑटो काढा, हाय लावा’: हा मेसेज पुढे पाठवू नका

सोलापुरातल्या कॉलेजच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "लिनक्सवर एएमडीचं कार्ड ऑटोवर अर्ध्याच ताकदीनं चालतं. सेटिंग हाय करा, बूटच्या ओळीत फीचर मास्कला सगळे एफ टाका. ड्रायव्हर ओपन सोर्स आहे, कार्डाला काही होत नाही." कार्ड म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड, आणि ऑटो, हाय ही त्याच्या वेगाची सेटिंगं. बूटची ओळ म्हणजे पीसी सुरू होताना लिनक्सला दिलेल्या सूचना. फीचर मास्क म्हणजे ड्रायव्हरच्या कुठल्या गोष्टी चालू, कुठल्या बंद हे ठरवणारा आकडा; सगळे एफ म्हणजे सगळंच चालू. मी इथे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हे करून बसलेले तीन पीसी मे महिन्यात माझ्या टेबलावर आले, म्हणून लिहितोय.

"ऑटो म्हणजे अर्धी ताकद." साफ चूक. कार्ड चालवणारा एएमडीजीपीयू ड्रायव्हर ऑटोवर कामाप्रमाणे क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, वर-खाली करतो. चादरीची डिझाइनं करणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं आरएक्स ५७० कार्ड होतं. त्याच्या क्लॉकच्या फाइलमध्ये आठ पायऱ्या दिसतात, ३०० मेगाहर्ट्झपासून १२४४ पर्यंत, आणि चालू पायरीपुढे चांदणी (*) असते. नुसता डेस्कटॉप उघडा असताना चांदणी ३०० वर होती. रेंडर (डिझाइनचं पक्कं चित्र बनवायचं जड काम) लावला की लगेच १२४४ वर. हाय केल्यावरही वरची पायरी तीच! फरक एवढाच की काम नसतानाही चांदणी तिथून हलत नाही.

"कार्डाला काही होत नाही." इथे माझा जीव तुटतो. वरच्या पायरीला व्होल्टेजही वरचं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या खोलीत, धुळीनं भरलेल्या पंख्यासकट ते कार्ड दिवसभर तापत ठेवायचं? तापमान हद्दीला टेकलं की कार्ड स्वतःच क्लॉक उतरवतं. म्हणजे वेगासाठी केलेल्या सेटिंगनं ऐन रेंडरमध्ये वेग घटतो. त्या गिऱ्हाइकाचं नेमकं हेच झालं होतं. धूळ काढली, ऑटो केलं, पंख्याचा आवाज बसला.

एक गोष्ट मान्य. हलक्या गेममध्ये काम तुकड्यातुकड्यानं येतं, क्लॉक सारखा खाली-वर होतो आणि चित्र अडखळतं. तेवढ्या वेळापुरतं हाय लावलं तर उपयोग होतो. गेम संपला की परत ऑटो.

"मास्कला सगळे एफ टाका." हायसाठी मास्कची गरजच नाही. क्लॉक-व्होल्टेज हातानं बदलायचं असेल तरच मास्कमधला ओव्हरड्राइव्हचा बिट (ती परवानगी देणारा एक स्विच) लागतो, आणि मास्कच्या आधीच्या आकड्यात तो एकच बिट मिळवायचा. सगळे एफ टाकले की ड्रायव्हरनं मुद्दाम बंद ठेवलेल्या गोष्टीही चालू होतात. मग स्क्रीन लुकलुकली की दोष कार्डाला! ड्रायव्हरचा कोड सगळ्यांना वाचता येतो, पण म्हणून त्यात कुठलाही आकडा टाकलेला चालतो असं नाही.

उन्हाळ्यात खरंच काही करायचं असेल तर उलट करा: पॉवरची मर्यादा थोडी खाली आणा. एचडब्ल्यूमॉनच्या (लिनक्स जिथे कार्डाचं तापमान, वीज वगैरे दाखवतं त्या) फोल्डरमध्ये पॉवर-कॅपची, म्हणजे या मर्यादेची, फाइल असते. आकडा मायक्रोवॅटमध्ये असतो, म्हणजे १०० वॅटसाठी १ वर आठ शून्यं. त्याआधी शेजारच्या फाइलमध्ये कार्डाची कमाल मर्यादा बघा, कुठे किमानही दिलेली असते. शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ फार वीज खातात, त्यामुळे वॅट जितके उतरतात तितका वेग उतरत नाही.

मेसेज वाचून बदल केलाच असेल तर पीसी रीस्टार्ट करा, सेटिंग आपोआप ऑटोवर येतं. स्टार्टअपला स्क्रिप्ट लावली असेल तर ती आधी काढा, बूटच्या ओळीतला मास्कही काढा.